गाळलेल्या संध्याकाळी

हॅनोव्हर,
१२ सप्टेंबर २०२५

दादा,

नमस्कार. आधी वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग तुझं हसणं कानात आलं आणि ते पान फाडलं.

गणपती कसे झाले? वहिनीने पाठवलेल्या फोटोत ओवी मूर्तीकडे पाठ करून मोदकांच्या ताटाकडे बघतेय. अगदी तुझी लेक. इथे नीताताईंकडे दीड दिवसाचा बसवला होता. नीताताई म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावरच्या, पुण्याच्या, सॉफ्टवेअरमधल्या. त्यांचा आरव टाळ छान वाजवतो, पण शब्द म्हणायला सांगितले की 'वाइस इश निश्त', मला नाही माहीत, म्हणून आत पळतो. त्याला आरती येत नाही आणि मला त्याच्यासारखं जर्मन येत नाही, म्हणून आमचं बरं जमतं.

थंडी सुरू झालीय. बाबांना सांग, त्यांनी लॅमिनेट करून दिलेल्या पदवीच्या प्रमाणपत्रावर इथे अजूनही कोणी शिक्का मारत नाही. प्लास्टिकवर शाई धरत नाही. दर वेळी खिडकीतली बाई मला विचारते, हे असं का केलं? घरातली पहिली पदवी आहे, भिजू नये म्हणून वडिलांनी केलं, हे जर्मनमध्ये सांगायला मी आता पाठ करून ठेवलंय.

हे पत्र नीताताईंबरोबर पाठवतेय. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी त्या उद्या पुण्याला निघतात, तिथून कुरिअर करतील. कागदावर का, असं तू विचारशील. व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं तर पाच मिनिटांत तुझ्या 'पाणबुडे पार्टी' ग्रुपवर गेलं असतं, खाली हसरे चेहरे लावून. आणि फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस. म्हणून पाकीट चिकटवलंय. एकट्याने वाच.

एक विचारायचं होतं. तुमच्या बोटीवरची ती तारेची विंच दुरुस्त झाली का?

मागे तूच समजावलं होतंस. तुमची बोट नांगर टाकत नाही. खाली तेलाच्या पाइपांचं जाळं असतं म्हणून. थ्रस्टरच्या, म्हणजे पाण्यातल्या पंख्यांच्या, जोरावर एका जागी उभी राहते, आणि तिची जागा तिला दोन गोष्टी सांगतात : वरून उपग्रह आणि खालून ती तळाशी सोडलेली वजनाची तार. मग एप्रिलमध्ये तू म्हणालास, ती तार सोडणारी विंच बिघडलीय, पण हरकत नाही, कंपनीने उपग्रहाचा दुसरा रिसीव्हर बसवलाय, म्हणजे दोनाचे पुन्हा दोन झाले. मी तेव्हा 'बरं' म्हणाले. दादा, ते दोन नाहीत. एकाच आभाळाकडे बघणारे दोन डोळे आहेत. आभाळ झाकलं की दोन्ही एकदम झाकतात, आणि बोट पाण्याखाली माणूस लटकत असताना कुठेही चालू लागते.

तू एकदा विचारलं होतंस, "गो, तू नेमका करतंस काय? आभाळातले इलेक्ट्रॉन मोजूक जर्मनीक कित्याक जावक होया?" मी चिडले होते. आज नीट सांगते, कारण आज ते तुझ्याबद्दल आहे.

विमानं उडतात त्याच्याही खूप वर हवा अगदी विरळ असते. दिवसा ऊन त्या हवेच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतं. सकाळपासून ते वाढत जातात, दुपारी सर्वांत जास्त असतात, सूर्य बुडाला की हळूहळू कमी होतात. ऋतूप्रमाणे फरक पडतो, सूर्य किती जोरात आहे त्याप्रमाणेही पडतो, आणि सध्या तो चांगलाच जोरात आहे. उपग्रहांचा सिग्नल या थरातून खाली येतो. इलेक्ट्रॉन जास्त, तितका सिग्नल रेंगाळतो, आणि बोटीला वाटतं आपण थोड्या बाजूला आहोत. किती रेंगाळेल हे आधी कळलं तर तेवढं वजा करता येतं. ते आधी सांगणं हे माझं काम.

इथे जर्मनीवर हा थर शिस्तीचा आहे. वर्षातून एखाद्या वेळी सूर्यावर वादळ होतं तेव्हा बिथरतो, मग पुन्हा आपला वेळेवर चढतो, वेळेवर उतरतो, इथल्या माणसांसारखा. आपल्याकडे तसं नाही. विषुववृत्तावर ऊन सरळ पडतं, म्हणून सर्वांत जास्त इलेक्ट्रॉन तिथे असावेत असं कोणालाही वाटेल. पण तिथले इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना घसरतात, कारंज्याचं पाणी पडावं तसे. उत्तरेकडची रास पडते ती महाराष्ट्र-गुजरातवर आणि तू बुड्या मारतोस त्या समुद्रावर. सूर्य बुडाला की त्या थराचा खालचा भाग झटकन विरतो आणि वरचा जड भाग तसाच लटकत राहतो. मग खालून बुडबुडे वर फुटतात. तुझ्या श्वासाचे जातात तसेच, फक्त त्यांतला एकेक आपल्या जिल्ह्याहून मोठा. त्यांतून येणारा सिग्नल चांदणीसारखा लुकलुकतो आणि कधी कधी तुटतो. हे मार्च-एप्रिलमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत जास्त होतं, अंधार पडता पडता.

म्हणजे पावसाळ्यानंतर तुमचा सीझन सुरू होतो नेमका तेव्हा.

आता तू म्हणशील, मग नकाशा आहे ना तुमचा, आभाळ शांत असेल तर हिरवा आणि खवळणार असेल तर लाल दाखवणारा. मेमध्ये तू केवढा खूश होऊन फोन केला होतास. "अगो, तुझो नकाशो आमच्या ब्रिजार, बोट हाकतत थंय, लागता! कॅप्टन पयलो तोच बघता. हिरवो असलो की काळोख पडलो तरी काम चालू!" त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले होते, आनंदाने. मालवणच्या घरातला एक माणूस आभाळ बघतो आणि दुसरा त्याच्या भरवशावर पाण्यात उतरतो, असं काहीतरी मोठं मला वाटलं होतं.

त्या नकाशात तुमच्या समुद्रावरची प्रत्येक संध्याकाळ हिरवी आहे, दादा. वर्षभर. मला हे आधीच खटकायला हवं होतं.

तो कसा हिरवा झाला ते सांगते. आमच्याकडे शेकडो रिसीव्हरांची मोजमापं येतात. एखाद्याचा सिग्नल सारखा तुटत असेल तर तो रिसीव्हर खराब समजायचा आणि त्याची त्या वेळची मोजमापं गाळायची, असा नियम आहे. इथल्यासाठी तो अगदी बरोबर आहे. इथे सिग्नल तुटतो तो अँटेनावर बर्फ साठल्यामुळे, नाहीतर समोर झाड वाढल्यामुळे. तोच नियम उचलून आपल्या किनाऱ्यावरच्या रिसीव्हरांना लावला. तिथे सिग्नल तुटत होता तो आभाळामुळे. ज्या संध्याकाळी आभाळ खवळलं, नेमक्या त्याच संध्याकाळी गाळल्या गेल्या. उरल्या त्या शांत. त्या बघून नकाशा शिकला की तुमच्याकडे संध्याकाळी सगळं शांत असतं. बंदरात परत आलेल्या होड्यांनाच विचारावं समुद्र कसा होता, आणि बाकीच्यांची नावं यादीतून कमी करावीत, तसं.

तिथल्या एका कॉलेजच्या रिसीव्हरची केबल बदलून झाली, अँटेना बदलून झाली. तरी मोजमापांतली भोकं तिथेच, त्याच ऋतूत, सूर्यास्तानंतरच. केबल काही कॅलेंडर बघून खराब होत नाही.

मी हे फ्राऊ फोग्टना दाखवलं. त्या माझ्या मार्गदर्शक, वाईट नाहीत. सगळं शांतपणे पाहिलं, 'गेनाऊ' म्हणाल्या, अगदी बरोबर. मग म्हणाल्या, मैथिली, पण नोव्हेंबरमध्ये तपासणी, जानेवारीत नवीन आवृत्ती, मध्येच काही बदलता येत नाही. नकाशाखाली लिहिलेलंच आहे, केवळ मार्गदर्शनासाठी. मी म्हटलं, ती अक्षरं इतकी बारीक आहेत की बोटीच्या ब्रिजवर कोणी वाचत नसेल. त्या म्हणाल्या, तुला कसं माहीत? मी तुझं नाव घेतलं नाही. तपासणीआधी निष्कर्ष बाहेर सांगायचे नाहीत, यावर माझी सही आहे, आणि माझा इथे राहण्याचा परवाना या नोकरीवर आहे.

म्हणून हे फक्त तुला. सूर्य बुडाल्यावर पाण्यात उतरू नकोस. निदान नोव्हेंबर संपेपर्यंत. कारण काही सांग, कान दुखतो म्हण. कानाचं तुमच्यात कोणी विचारत नाही.

हसू नकोस. आणि वाचून झालं की फाडून टाक.

तुझी,
मैथिली


हॅनोव्हर,
३ ऑक्टोबर २०२५

दादा,

काल दसरा झाला. नीताताईंनी परत येताना खरोखरची आपट्याची पानं आणली होती. आरवने एक पान चावून बघितलं.

तुझा आवाजी निरोप मी इतक्या वेळा ऐकलाय की पाठ झालाय. "गो बाय, पत्र गावला. एवढा मोठा पत्र आता कोण लिवता? सांजेची पाळी रमेशाक दिलंय, मी सकाळची घेतलंय. झाला मां आता? जेव गपचूप."

झालं, असंच मला वाटलं. हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिते : तो निरोप आला त्या दिवशी मी खूप दिवसांनी नीट जेवले. भात लावला, सोलकढी केली, आरवलाही पाजली. तू सकाळी उतरणार, दुपारी वर येणार, अंधार पडेल तेव्हा तू पत्त्यांचा डाव मांडलेला असणार. मला एवढंच हवं होतं.

रमेश हे नाव दुसऱ्या दिवशी माझ्यापर्यंत पोचलं.

आपला रमेश, दादा. ज्याने मला किल्ल्यापाशी पोहायला शिकवलं, कारण तुला कंटाळा यायचा. मी जर्मनीला निघाले तेव्हा जो कुडाळ स्टेशनवर सुक्या बांगड्यांची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "थंय मासो कसलो गावतलो तुका!" त्याला तू काय सांगितलंस? कान दुखतो? आणि तो काय म्हणाला? मला वाटतं तो म्हणाला असेल, ठीक आहे, सांजेक भत्तो जास्ती.

मी तुला दोष देत नाहीये. मीच तुला सांगितलं, कोणाला दाखवू नकोस. तू माझं ऐकलंस. तू पहिल्यांदाच माझं काही ऐकलंस.

गेले काही दिवस मी आपल्या किनाऱ्याकडची मोजमापं रोज बघतेय. यातल्या काही रिसीव्हरांची मोजमापं सगळ्यांसाठी खुली असतात, त्यासाठी संस्थेत जावं लागत नाही. इथे दुपारचा चहा होतो तेव्हा तुमच्याकडे अंधार पडलेला असतो. सोमवारी शांत होतं. मंगळवारी रेषा थोड्या थरथरल्या. बुधवारी अर्धे उपग्रह एकामागून एक तुटले. नकाशा हिरवा. काल पुन्हा तेच. बोट हलली होती का रे? तू काही कळवलं नाहीस, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

काल संध्याकाळी फ्राऊ फोग्टना फोन केला. म्हटलं, निदान त्या एका किनाऱ्यापुरता नकाशा झाका. लाल करू नका, फक्त झाका. त्या म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे असं बघ, मैथिली, एका भागाचं झाकलं तर विकत घेणारे विचारतील, बाकीचं बरोबर कशावरून? त्याचं उत्तर तयार असायला हवं. सोमवारी बोलू." सोमवारी का, तर आज इथे एकतेच्या दिवसाची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. पूर्ण देश बंद. सकाळी पाव आणायला गेले तर रस्त्यावर एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा.

पाव न घेताच परत आले आणि बसून तीन ठिकाणी लिहिलं. नकाशा विकणाऱ्या कंपनीला, तुमच्या बोटीच्या मालक कंपनीच्या सुरक्षा विभागाला, आणि फ्राऊ फोग्टना, सगळ्यांना एकच मेल. गाळलेल्या संध्याकाळींची यादी जोडली. प्रत्येक तारीख, आणि त्या तारखेला नकाशा कुठला रंग दाखवत होता ते. खाली पूर्ण नाव लिहिलं. संस्थेचं नाव लिहिलं नाही, कारण संस्थेने मला हे लिहायला सांगितलेलं नाही.

पाठवल्यावर हात धुतले. का धुतले माहीत नाही.

नकाशाच्या जर्मन कंपनीकडून लगेच उत्तर आलं : आम्ही सुट्टीवर आहोत, सोमवारी संपर्क करू. बोटीच्या कंपनीचा मुंबईचा फोन वाजत राहिला. शेवटी एकाने उचलला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, आपण कोणत्या कंपनीकडून?" मी म्हटलं, कोणत्याच नाही. तो म्हणाला, "मग मेल टाका." मी म्हटलं, टाकलाय. "मग बघतील." मी म्हटलं, आज संध्याकाळी बोट काम करतेय का तेवढं सांगा. तो म्हणाला, ती माहिती देता येत नाही, आणि मग जरा हळू आवाजात, "तुमचं कोणी आहे का बोटीवर?"

मी हो म्हटलं. आणि मग, दोघं आहेत, म्हटलं.

आता मुख्य. या पानांचे फोटो काढून तुला व्हॉट्सॅपवर पाठवतेय. मागचं पत्र फाडलं नसशील तर तेही काढ, आणि फाडलं नसशील हे मला माहीत आहे, तू विमानाची तिकिटंसुद्धा जपून ठेवतोस. तुला 'वाचून फाड' म्हटलं होतं ते विसर. तुझ्या ग्रुपवर टाक. कॅप्टनला दाखव. तो हसेल, नकाशाकडे बोट दाखवेल. त्याला सांग, हा नकाशा करणाऱ्यांपैकी एक मी आहे, आणि मी म्हणतेय की तुमच्या समुद्रासाठी तो बघू नका. त्याला एकच विचार, विंच नसताना तुझी दुसरी साक्ष कुठली?

पण त्याच्या आधी रमेशकडे जा. त्याने संध्याकाळची पाळी का घेतली ते त्याला माहीत नाही. तुला माहीत आहे. मला काय मागायचंय ते तुला कळलंय. तो तुला काय बोलेल याचा अंदाज मला आहे, आणि तुझ्या जागी मी असते तर मलाही बोटीवर लपायला जागा पुरली नसती. तरी जा.

नीताताई मघाशी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "अगं, तोंड बघ तुझं. झोपली नाहीस का?" मी सांगितलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "नोकरी?" मी म्हटलं, बघू. "परवाना?" म्हटलं, बघू. त्यांनी माझ्यासमोर बिस्किटं ठेवली आणि स्क्रीनकडे बघत राहिल्या, जसं काही त्यांना त्यातलं कळतंय.

तुमच्याकडे सूर्य बुडायला आलाय. रेषा अजून सरळ आहेत.

तू फोटो बघितलेस. निळ्या खुणा आल्या. काहीतरी लिही.

नीताताई विचारतायत ही रेष अशी का झाली. पहिली रेष थरथरतेय, दक्षिणेकडची.

दादा, लिही काहीतरी.

मैथिली


हॅनोव्हर,
१२ ऑक्टोबर २०२५

दादा,

आपण फोनवर बोललो त्याला आठवडा झाला आणि त्यानंतर तू पुन्हा गप्प झालास. वहिनी म्हणाली, घरी आलाय, जेवतो, ओवीला शाळेत सोडतो, बोलत नाही. म्हणून मीच लिहिते. हे पुन्हा कागदावर, फोटो वहिनीकडे. तुला वाचून दाखव म्हटलंय. पळून जाऊ नकोस.

आधी मी काय ऐकलं ते सांगते, चुकत असेल तर सुधार. तू तुटक बोलत होतास आणि मी रडत होते.

तू पत्र वाचलंस तेव्हा रमेश सूट चढवत होता. तू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलास आणि एकदम सांगून टाकलंस की कान दुखत नव्हता. त्याने हेल्मेट खाली ठेवलं. "म्हंजे माका मराक दिलंस?" एवढंच म्हणाला. मोठ्याने नाही. मग तो हवेच्या बाटल्यांच्या पेटीवर बसला आणि सुपरवायझरला म्हणाला, मी उतरत नाही. सुपरवायझर ओरडला. पाणबुड्याने नको म्हटलं तर त्याला कारण विचारायचं नसतं असा नियम आहे ना तुमच्याकडे, आणि तो कोणी वापरत नाही, कारण वापरणाऱ्याला पुढच्या सीझनला बोलावत नाहीत. रमेशने वापरला. मग तू त्याच्या शेजारी बसलास, आणि तोही नियम वापरलास. कॅप्टनने तुम्हाला ब्रिजवर नेऊन नकाशा दाखवला. हिरवागार. सुपरवायझर म्हणाला, पाणबुड्यांना खाली नेणारा पिंजरा तरी पाण्यात सोडून तयार ठेवा, तासाभरात यांची डोकी ठिकाणावर येतील. पिंजरा सोडला. रिकामा.

माझ्या स्क्रीनवर तेव्हा निम्म्याहून जास्त रेषा तुटल्या होत्या. तुमच्या ब्रिजवर दोन्ही रिसीव्हर एकदम भलती जागा सांगू लागले, दोघांचं एकमत होतं म्हणून बोटीने विश्वास ठेवला, आणि नसलेली चूक सुधारायला ती पूर्ण जोरात निघाली. तू म्हणालास, अंगाखालून डेक सरकला. धोक्याचा लाल दिवा लागला तोपर्यंत पिंजऱ्याची तार आडवी झाली होती. वर काढला तेव्हा त्याची एक बाजू आत दबलेली होती. खालच्या कशाला तरी आपटला असणार.

त्या बाजूला माणूस उभा राहतो, कठडा धरून, असं तू म्हणालास आणि फोन ठेवलास.

मी त्या पिंजऱ्याचं चित्र डोळ्यांसमोरून काढू शकत नाही. तूही काढू शकत नसशील, हे वहिनीच्या बोलण्यावरून कळतं.

रमेश तुझ्याशी बोलत नाही, तेही कळलं. तू फोनवर म्हणालास, "तू पयलाच सगळ्यांक लिवला असतंस तर माका त्याच्या फुडे असा उभ्यान रवाचा लागला नसता." खरं आहे. पण तू उभा राहिलास. माझ्या मेलला त्या दिवशी एकाही माणसाने उत्तर दिलं नाही. सुट्टी होती. त्याला वर ठेवलं ते तू.

आता इथलं. तू विचारलं नाहीस, आणि मीही आतापर्यंत इकडचं तिकडचंच लिहीत आलेय.

सोमवारी फ्राऊ फोग्टनी बोलावलं. टेबलावर माझा मेल छापून ठेवलेला, ओळींखाली पेन्सिलच्या रेघा. पहिलं वाक्य, "तुझा भाऊ ठीक आहे का?" मी हो म्हटलं. "आणि दुसरा?" मुंबईशी बोलून झाल्यावर मी त्यांना आणखी एक ओळ पाठवली होती, माझा भाऊ आणि त्याचा मित्र, दोघं बोटीवर आहेत म्हणून, ती त्यांच्या लक्षात होती. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, तू थांबायला हवं होतंस, आणि तू थांबली असतीस तर मी स्वतःला काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही. ही दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात म्हटली.

दुपारी संस्थेचं पत्र आलं. चौकशी होईपर्यंत प्रकल्पाचं काम बंद, माझं कार्ड दारात चालत नाही. करार डिसेंबरात संपतो, पुढे वाढवणार नाहीत. परवान्याचं मग काय, ते परवानेवाले ठरवतील. कोलोनच्या विद्यापीठात एकजण आहेत, त्यांनी यादी मागवून घेतली आणि भेटायला ये म्हणाले. भेटायला ये म्हणजे एवढंच, त्यावर घर बांधू नकोस. आईबाबांना मी अजून सांगितलेलं नाही. बाबांना वाटेल, एवढं प्लास्टिक चढवूनही भिजलंच. तू सांगू नकोस, मीच सांगेन. पण दिवाळीआधी नाही.

आणि एक. शुक्रवारी नकाशा उघडला. इतर सगळ्यांसारखा, कोणालाही दिसतो त्या पानावरून. आपल्या किनाऱ्यासमोरचा समुद्र हिरवा नाही. लालही नाही. करडा आहे. खाली मोठ्या अक्षरांत : सूर्यास्तानंतरची माहिती अपुरी, यावर अवलंबून राहू नये. हे कोणी करायला लावलं मला कळलेलं नाही. पण 'सूर्यास्तानंतरची' हा शब्द माझ्या मेलमधला आहे आणि त्याखाली पेन्सिलची रेघ होती.

आम्हाला माहीत नाही, एवढंच सांगतो तो करडा रंग. मी इथे तीन वर्षं इलेक्ट्रॉन मोजले, त्यात नकाशावर उतरलेलं माझं काम म्हणशील तर तेवढंच. मला ते पुरतंय की नाही हे अजून कळत नाही. काही दिवशी पुरतं.

रमेशकडे जा. तो दार उघडणार नाही, तरी जा. सुके बांगडे घेऊन जा, माझ्याकडून आहेत म्हण. तो म्हणेल, तिका सांग, थंयच रव. म्हणू दे. बसून राहा पायरीवर.

आणि हे पत्र त्याला दे. सगळी तिन्ही दे. तुला ओशाळं वाटेल ते भाग खोडायचे असतील तर खोड, मला राग येणार नाही. माझं मात्र काही खोडू नकोस. पुढच्या सीझनला ज्या ज्या बोटीवर तो नकाशा लागेल, तिथल्या कोणालाही वाचू दे, आणि कोणी विचारलं की हे लिहिणारी कोण, तर पहिल्या पत्रात अर्धं नाव लिहून फाडायला सांगितलं होतं, या वेळी पूर्ण लिहितेय.

मैथिली पद्माकर तारी
मालवण